सेटिंग ठेवा

टीव्हीवाल्यांनी शेवटचा टीव्ही दुरुस्त केला त्याला दहा वर्षं तरी होऊन गेली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आता त्यांच्या टेबलावर राउटर असतात. कोणाचा अँटेना मोडलेला, कोणाच्या अंगावर चहा सांडलेला, बरेचसे "बघा काही होतंय का, नाहीतर द्या फेकून" असं म्हणून लोकांनी आणून टाकलेले. फेकून देणं हे शब्द टीव्हीवाल्यांना शिवीसारखे लागतात.

राउटर मरत नाही, कंपनी त्याला मारते, असं त्यांचं ठाम मत. डबा ठणठणीत असतो. पण त्याच्या पोटात जी लहानशी प्रणाली चालते, फर्मवेअर म्हणतात ती, तिची देखभाल कंपनी दोन-तीन वर्षं करते आणि मग हात झटकून मोकळी होते. अशा वाऱ्यावर सोडलेल्या राउटरांसाठी जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून स्वतःचं एक फर्मवेअर लिहिलं आहे. फुकट आणि उघडं. कोणीही वाचावं, कोणीही सुधारावं. टीव्हीवाले कंपनीचं काढतात आणि हे भरतात. भरताना वीज गेली तर राउटरचा दगड होतो, म्हणून ती चार मिनिटं ते कोणाशी बोलत नाहीत. जांभईसुद्धा दाबून धरतात.

या फर्मवेअरच्या पडद्यावरची बरीचशी मराठीही त्यांचीच. ‘सेटिंग ठेवा’, ‘जतन करून लागू करा’, ‘नकार दिलेली उपकरणं’, असले शब्द त्यांनी एकेका दुपारी बसून घातले आहेत. त्याचा त्यांना इतका अभिमान, की एखाद्या गिऱ्हाइकाने पडदा इंग्रजीत करून मागितला तर त्याचं काम आपोआप दोन दिवस लांबायचं.

येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, वायफायचं नाव बदला, पासवर्ड बदलत राहा, शेजारीपाजारी वाटू नका. स्वतःच्या घरी मात्र त्यांनी चार वर्षांत नाव बदललं नव्हतं की पासवर्ड. दोनदा राउटर जळला. दोन्ही वेळा त्यांनी भंगारातून हुबेहूब त्याच जातीचा राउटर शोधून आणला आणि जपून ठेवलेली जुनी सेटिंग त्यात जशीच्या तशी ओतली. नवीन फर्मवेअर आलं, की ‘सेटिंग ठेवा’ या ओळीपुढे खूण केल्याशिवाय त्यांचा हात पुढे सरकत नसे.

कारण एकच. त्यांची मुलगी घर सोडून गेली तेव्हा तिच्या फोनमध्ये हे नाव होतं आणि हा पासवर्ड होता. फोन माणसासारखा रुसत नाही. ओळखीचं वायफाय टप्प्यात आलं की तो आपणहून जोडला जातो. ती कधी रस्त्याने गेली, खाली फाटकाशी नुसती उभी राहिली, तरी तिचा फोन घराला हाक देईल अशी टीव्हीवाल्यांची खात्री होती. तिचा फोन जोडला गेला की कॉम्प्युटरवर घंटी वाजावी अशी सोयही त्यांनी करून ठेवली होती. चार वर्षांत घंटी वाजली नाही. चाचणीसाठी ती ते स्वतःच वाजवून बघत, पंधरवड्यातून एकदा.

भांडण तसं एका सकाळचं. बायको जाऊन वर्ष झालं होतं. घरात दोघंच. मुलीने लांबच्या शहरात नोकरीसाठी अर्ज केला आणि बापाला सांगितलं नाही. पण ज्याच्या हातात राउटर त्याला घरात काय चाललंय ते कळतंच. टीव्हीवाल्यांना वाटलं, ही पण गेली तर आपण काय करायचं? सरळ तोंडाने विचारायचं सोडून त्यांनी आदल्या संध्याकाळी तिचा फोन आणि लॅपटॉप, दोन्ही नकाराच्या यादीत टाकले. सकाळी तिची मुलाखत होती, पडद्यावरची. बापाचा कॉम्प्युटर चालू, शेजाऱ्यांचे फोन चालू, आणि तिच्या पुढ्यात नुसतं गोल गोल फिरणारं चक्र. मोबाइलचं नेट त्या इमारतीत पहिल्यापासून नावालाच. चप्पल घालून ती रस्त्यावर जाईपर्यंत वेळ टळून गेली.

ती परत वर आली ती शांतपणे. "बाबा, तुम्ही मला न सांगता बंद केलंत," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर त्यांनीही ओरडून घेतलं असतं. ते म्हणाले, "या घरात राहायचं तर माझ्या विचाराने." हे वाक्य त्यांना आजही शब्द न् शब्द आठवतं, आणि आठवलं की दात घासतानासुद्धा ते मध्येच थांबतात. दुपारी चारला ती बॅग घेऊन जिना उतरली.

त्याच संध्याकाळी त्यांनी ती बंदी काढून टाकली होती. काढली होती, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

तिने फोन नंबर बदलला. नवा नंबर टीव्हीवाल्यांच्या बहिणीकडे होता. पण स्वतःच्या मुलीचा नंबर धाकट्या बहिणीकडे मागायचा? टीव्हीवाल्यांचं नाक त्यापेक्षा बरंच उंच होतं. बहीण दर रविवारी फोन करी आणि शेवटी विचारी, "दादा, आणखी काही हवंय का तुला?" ते म्हणत, "मला काय हवं असणार?" आणि फोन ठेवून घंटीची चाचणी घेत.

मग या वर्षी फर्मवेअरची नवी आवृत्ती आली. बदल इतके मुळापासूनचे होते, की लिहिणाऱ्यांनी वरच ठळक सूचना दिली होती: जुनी सेटिंग यात चालणार नाही, ‘सेटिंग ठेवा’पुढची खूण काढून टाका, सगळं हाताने नव्याने भरा. टीव्हीवाले आठवडाभर चिडचिडले. शेवटी वही घेऊन बसले आणि जुन्या राउटरचं एकेक पान उघडून उतरवून घेऊ लागले. नाव. पासवर्ड. सिग्नलची वाहिनी. मग ‘नकार दिलेली उपकरणं’ हे पान आलं. ते रिकामंच असणार, म्हणून ते पुढे जाणार होते.

पानावर दोन ओळी होत्या. एक तिचा लॅपटॉप. एक तिचा फोन.

टीव्हीवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओळी तिथेच. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. त्या संध्याकाळी त्यांनी ओळी पुसल्या होत्या खऱ्या, पण नुसतं पुसून भागत नाही. खाली ‘जतन करून लागू करा’ हे बटण दाबावं लागतं. नाहीतर बदल हवेत विरतो आणि जुनं तसंच राहतं. ज्याने त्या बटणावरचे शब्द लिहिले, तोच ते दाबायला विसरला होता. आणि पुढे चार वर्षं, राउटरमागून राउटर, ‘सेटिंग ठेवा’ म्हणत म्हणत ती बंदी त्यांनी स्वतःच्या हाताने जपली होती.

घंटी वाजणार कुठून? ती वाजायची फोन जोडला गेला तर. नाकारला गेला तर नाही.

राउटरच्या नोंदी एका पेनड्राइव्हवर साठत असत. आजवर त्या उघडायची गरज पडली नव्हती. आता त्यांनी तिच्या फोनचा यंत्रक्रमांक, जो नंबर बदलला तरी बदलत नाही, त्यात शोधायला लावला आणि पडद्यावर एकाखाली एक ओळी उतरू लागल्या. ‘परवानगी नाही.’ ‘परवानगी नाही.’ ती येऊन गेली होती. एकदा नाही, अकरा वेळा. काही तारखा कोणत्याही होत्या, पण एक तारीख दर वर्षी होती. तिच्या आईच्या पुण्यतिथीची. दर वर्षी दुपारी चारच्या सुमाराला, दहा-पंधरा मिनिटं.

म्हणजे ती खाली उभी राहायची, फोन हातात धरून, आणि तिचा फोन तिला सांगायचा, जोडता येत नाही. तिने त्याचा काय अर्थ घेतला असेल हे कळायला तंत्रज्ञ असावं लागत नाही. बाप अजून रागावलेला आहे. बापाने अजून बंदच ठेवलंय. टीव्हीवाले टेबलावर डोकं टेकून रडले, चांगले हुंदके देऊन. एवढे तर ते बायको गेली तेव्हाही रडले नव्हते.

आईची तारीख सतरा दिवसांवर होती. नवं फर्मवेअर भरलं. नाव तेच, पासवर्ड तोच, नकाराचं पान कोरं. ‘जतन करून लागू करा’ त्यांनी तीनदा दाबलं. पण नुसतं जोडलं जाणं पुरेल का? आपलं आपोआप जोडलं गेलं, त्यात बापाचं काय, असं ती म्हणायची. मग त्यांना सुचलं, की हे फर्मवेअर एकाच राउटरवरून दुसरंही नाव हवेत सोडू शकतं. जुनं राहू दे तिच्या फोनसाठी. दुसरं तिच्यासाठी.

वायफायच्या नावाला बत्तीस जागा मिळतात. इंग्रजी अक्षर एक जागा घेतं. मराठीत मात्र प्रत्येक अक्षर तीन, काना तीन, मात्रा तीन, अनुस्वाराचा ठिपकासुद्धा तीन. जन्मभर घरात लांबलचक व्याख्यानं दिलेल्या माणसाला देवाने शेवटी दहा चिन्हं दिली. ‘झालं गेलं विसरून ये’ मावेना. ‘माझं चुकलं’ मावत होतं. ते टाइप करून टीव्हीवाले बराच वेळ बघत बसले. पण हे नाव सगळ्या इमारतीच्या फोनवर दिसणार, चारचौघांत शोभा होणार. त्यांनी ते खोडलं आणि लिहिलं, ‘दार उघडं आहे’. मोजलं तर बरोब्बर बत्तीस, एक जागा शिल्लक नाही. त्यांना ते शुभ वाटलं.

दुसऱ्याच दिवशी समोरच्या काकू आल्या.

"अहो टीव्हीवाले, तुमचं दार उघडं आहे म्हणून फोनवर येतंय, आणि दार तर लावलेलं! काय समजायचं माणसाने?"

"उघडंच आहे," ते म्हणाले आणि दार सताड उघडलं.

मग ते रोज उघडंच राहू लागलं. मांजर आलं, धूळ आली, दोन विक्रेते आले, चौकशीला सगळी इमारत येऊन गेली. टीव्हीवाल्यांनी कोणाला दाद दिली नाही.

त्या तारखेला त्यांनी सकाळीच दाढी केली. तीन वाजल्यापासून ते जोडलेल्या उपकरणांच्या यादीसमोर बसले होते. खिडकीतून बघायची हिंमत नव्हती. ती बघेल आणि निघून जाईल, असं वाटत होतं. चार वाजून गेले. सव्वाचार झाले.

घंटी वाजली.

यादीत तिचा फोन होता. शेजारी ताकदीचा आकडा, उणे ब्याऐंशी. फोन जवळ येतो तसा हा आकडा शून्याकडे सरकतो. ब्याऐंशी म्हणजे फाटक. टीव्हीवाल्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. उणे ब्याऐंशी, ब्याऐंशी, एक्क्याऐंशी. मग एकदम चौऱ्याहत्तर. ती जिन्यात शिरली. एकोणसत्तर, चौसष्ट, एकसष्ट. पहिल्या मजल्याचं वळण.

तिथे आकडा थांबला. एक मिनिट. दोन मिनिटं. अजून एकच मजला. दार उघडं होतं, तेवढं पुरेल असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

सदुसष्ट. एकाहत्तर.

ती उतरत होती.

टीव्हीवाले उठले. खुर्ची मागे पडली. गुडघे जिना उतरायला नकार देतात, हे ते सगळ्यांना सांगत असत. आज ते स्वतःच विसरले. अनवाणी, कठड्याला धरून, दोन-दोन पायऱ्या. काकूंनी दारातून "काय झालं हो?" म्हणून विचारलं, तेही ऐकू आलं नाही.

फाटकाशी तिची पाठ दिसली. केस कापले होते. खांद्यावरची पिशवी अनोळखी होती.

"थांब गं! थांब!"

ती वळली. त्यांना धाप लागली होती, तरी त्यांनी सुरुवात केली, "मी काढली होती, त्याच दिवशी काढली होती, पुसली, पण जतन करायचं राहिलं, आणि मग दर वेळी सेटिंग ठेवा, सेटिंग ठेवा करत..." ते मध्येच थांबले. "चुकलं माझं," ते म्हणाले. इमारतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"मला वाटलं तुम्ही अजून बंदच ठेवलंय," ती म्हणाली.

"बटण राहिलं गं दाबायचं."

"बटणाचं समजलं, बाबा. नंबर का नाही मागितला कधी?" तिचा आवाज फाटला. "आत्याला मी पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, बाबांनी मागितला की लगेच दे. दर रविवारी तिला फोन करून विचारायचे मी, मागितला का म्हणून."

टीव्हीवाल्यांनी खिसे चाचपले, फोन सापडला, आणि तिच्यापुढे धरला.

"दे," ते म्हणाले. "नंबर दे मला तुझा."