मेर्सिनच्या बंदरात अडकलेला घेवडा

आमच्या तालास खोऱ्यात सगळीकडे पांढरा घेवडा पिकतो आणि आम्ही तो खात नाही. आमच्या पातेल्यात मांस, बटाटा आणि शेवया. घेवडा बाहेरच्यांसाठी. शरद ऋतूत तुर्कस्तानातले व्यापारी यायचे, अंगणात वजन करायचे, रोख मोजायचे आणि ट्रक भरून न्यायचे. झूराकान एजे या व्यापाऱ्यांची दुभाषी होती. एजे म्हणजे थोरली बहीण. वयाने लहान असलेले आम्ही सगळे तिला तसंच म्हणायचो. शाळेत ती भूगोल शिकवायची. तुर्की तिला थोडी येत होती, उरलेली ती हातवाऱ्यांनी भरून काढायची.

एका वर्षी तिला वाटलं, मधला माणूस कशाला? माल आपणच पाठवावा. तुर्कस्तानातल्या मेर्सिन बंदराचा जेव्हदेत नावाचा व्यापारी फोनवर चांगला भाव द्यायला तयार होता. अडचण एकच होती. तो म्हणे, माल हातात आल्याशिवाय पैसे देणार नाही. ही म्हणे, पैसे आल्याशिवाय माल देणार नाही. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं.

घाट ओलांडून ती राजधानीला, बिश्केकला, एका बँकेत गेली. तिथे नुरझात नावाची बाई परदेशी व्यवहार बघायची. नुरझातने तिला रस्ता दाखवला. घेवडा ट्रकने काळ्या समुद्रावरच्या पोती बंदरात जाईल, तिथे कंटेनर जहाजावर चढेल, आणि जहाजवाले एक कागद देतील. तो कागद दाखवल्याशिवाय मेर्सिनला माल सुटत नाही. झूराकानने तो कागद बिलासकट या बँकेत द्यायचा. ही बँक तो मेर्सिनच्या बँकेकडे पाठवेल आणि बजावेल, की पैसे भरले तरच जेव्हदेतच्या हातात द्या. कागदावर मालकाच्या जागी जेव्हदेतचं नाव मात्र घालू नका, असं नुरझातने निक्षून सांगितलं. ‘बँक सांगेल त्याला’ एवढंच लिहायचं.

“आणि त्याने पैसे भरलेच नाहीत तर?” झूराकानने विचारलं.

“मग कागद तिथेच राहील, एजे. आम्ही फक्त नेऊन पोचवणारे. त्याच्या खिशात हात घालणं आमचं काम नाही.”

हे वाक्य तिने गावात येऊन जसंच्या तसं सांगितलं. तरीही आम्ही घेवडा दिला. माझ्या दिराच्या शेतातलाही त्यात होता. गावाचा अक्साकाल, म्हणजे वडीलधारा, सादिरबाय म्हातारा याने तर सगळं पीक दिलं. तो मोजून बोलणारा माणूस, त्याने दिलं म्हणून बाकीच्यांनी दिलं. झूराकानचा नवरा मामबेत ट्रक ड्रायव्हर होता, पोतीपर्यंत माल त्यानेच नेला. परत आल्यावर चहात बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, बुडवत तो सगळ्यांना सांगायचा, “माझ्या बायकोने घेवडा समुद्रात सोडलाय आणि कागद बँकेत. आता दोघांची गाठ पडली की आपण श्रीमंत.”

गाठ पडायला वेळ लागला. जहाज मेर्सिनला लागलं, कागदही तिथल्या बँकेत पोचला. तेवढ्यात तिथे भाव उतरला. जेव्हदेत आधी म्हणाला सणाची सुट्टी आहे, मग म्हणाला मुलगा आजारी आहे, आणि शेवटी खरं बोलला. भाव पाचव्या हिश्श्याने कमी कर, नाहीतर कागद आधी दे, माल विकून दोन महिन्यांत पैसे पाठवतो, हवं तर तशी सही करून देतो. कंटेनर धक्क्यावर उभा होता आणि बंदराचं भाडं रोज वाढत होतं.

झूराकानच्या अंगणात माणसं जमली. कुणी भांडलं नाही, तेच जड वाटत होतं. सादिरबायचं म्हणणं होतं की सही घ्यावी आणि माल सोडावा. माणूस सही करतो म्हणजे त्याला लाज असणार. झूराकानने नुरझातला फोन करून विचारलं. असं करता येतं, अनेक जण करतात, पण त्या सहीमागे बँक उभी राहत नाही, असं उत्तर आलं.

“माल त्याला न देणं एवढंच आपल्या हातात आहे, अक्साकाल,” झूराकान सादिरबायला म्हणाली. “तेही सोडलं तर मी तुम्हाला काय तोंड दाखवू?”

“आणि तिथे पडून सडला तर कुठलं तोंड दाखवशील?” म्हातारा म्हणाला आणि टोपी सारखी करून उठला.

त्या आठवड्यात तिने शाळेतून रजा घेतली आणि मेर्सिनला गेली. आमच्याच गावची एक मुलगी तिथल्या हॉटेलात कामाला होती, तिच्या खोलीवर उतरली. खिशात मूठभर घेवडा घेऊन ती धान्यबाजारात दुकानं फिरू लागली. तिची तुर्की ऐकून लोक हसायचे, चहा पाजायचे आणि भाव ऐकून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायचे. जेव्हदेतच्या दुकानावरही गेली. तो मालासाठी बाहेरगावी गेलाय, असं त्याच्या माणसाने सांगितलं, आणि आतून, फोनवर ओळखीचं झालेलं, जेव्हदेतचं खोकणं ऐकू येत होतं.

मुअम्मेर नावाच्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने भाव विचारलाच नाही. त्याने तिच्या हातातला घेवडा घेतला, भिजत घातला आणि म्हणाला, “उद्या जेवायला ये.” दुसऱ्या दिवशी दुकानामागच्या खोलीत त्याच्या बायकोने तो कांदा-टोमॅटोत शिजवला होता. झूराकान मला पुढे म्हणाली, “लहानपणापासून मी हा निवडला, पोत्यात भरला, पण ताटात पहिल्यांदा तिथे बघितला.” तिने दोनदा वाढून घेतला. मुअम्मेरने एक दाणा जिभेवर दाबला, साल निघते का पाहिलं आणि मगच भावाचं बोलला. ठरल्यापेक्षा कमी, पण जेव्हदेत मागत होता त्याहून बराच जास्त. बंदराचं भाडं मात्र विकणारीने भरायचं. तिने हात पुढे केला, त्याने हातात हात दिला.

मग तिने नुरझातला फोन केला आणि लेखी कळवलं. नुरझातने मेर्सिनच्या बँकेला निरोप पाठवला, की जेव्हदेतकडून आता काही घेऊ नका, मुअम्मेरने इतके भरले की कागद त्याला द्या. जहाजाच्या कागदावर जेव्हदेतचं नाव नव्हतं, म्हणून हे जमलं. बिल तेवढं नव्याने करावं लागलं आणि ते यायला काही दिवस गेले.

बाजारात अशी गोष्ट लपत नाही. नवीन बिल वाटेत असतानाच जेव्हदेत झूराकान उतरली होती त्या खोलीच्या दारात आला. सोबत मिठाईचा डबा. तो म्हणाला, झालं गेलं विसरा, ठरलेला पूर्ण भाव देतो, भाडंसुद्धा मीच भरतो.

झूराकानला सादिरबायची टोपी आठवली, असं तिने मला सांगितलं. मग तिने विचारलं, “बँकेत भरून आलात का?”

“उद्या भरतो, अबला,” तो म्हणाला. तुर्कीत अबला म्हणजे ताई. “तुम्ही आधी तिकडचं थांबवा.”

“मी एकाच्या हातात हात दिलाय. तुम्हीही फोनवर शब्द दिला होता. मिठाई घरी मुलाला द्या, आजारी होता ना.”

हे ऐकून तो खाली बघत हसला आणि डबा घेऊन गेला. त्याने खरंच भरले असते का, हे कुणालाच कळणार नाही. त्या रात्री तिला झोप आली नाही. आपल्या हट्टापायी गावाचं नुकसान केलं की काय, असं तिला वाटत राहिलं.

मुअम्मेरने बिल आल्या दिवशी बँकेत पैसे भरले आणि कागद घेतला. पैसे बिश्केकला आले, तिथून तालासला. बंदराचं भाडं झूराकानने आमच्यावर टाकलं नाही. तिने दोन गाई विकायला काढल्या. ती गोठ्याकडे गेली तेव्हा गाई होत्या, मामबेतचा घोडा नव्हता. तो त्याने आदल्याच दिवशी बाजारात नेला होता.

“तू घोडा विकलास?”

“गाई दूध देतात. घोडा नुसता माझी फुशारकी ऐकायचा,” तो म्हणाला आणि ट्रकखाली शिरला.

बऱ्याच जणांनी पुढल्या वर्षी तिला पुन्हा घेवडा दिला. आमचाही होता. सादिरबायने दिला नाही. त्याने आपले पैसे मोजून घेतले, तिच्या हातचा चहा घेतला आणि वाईट काही बोलला नाही. पण पूर्ण भाव चालून आला होता हे त्याला कुठून तरी समजलं होतं, आणि ते त्याने मनातून काढलं नाही. नंतर त्याने आपलं पीक दारात रोख देणाऱ्यालाच विकलं, कमी भावाने.

मुअम्मेरचा माल अजूनही त्याच रस्त्याने जातो. कागद आधी बँकेत, मग मेर्सिनला, पैसे भरले की त्याच्या हातात. झूराकान शाळेतून निवृत्त झाली. आता ती शेवयांच्या दिवशीसुद्धा एका पातेल्यात कांदा-टोमॅटोचा घेवडा करते. मामबेत तो बाजूला सारतो आणि मांस शोधतो.