मशीनला आठवण करून देणारे आबा

आबा आले की आधी जनरेटरकडे बघायचेच नाहीत. मागच्या गॅलरीत स्टूल ओढून बसायचे, समोरच्या कडुलिंबाकडे बघत राहायचे आणि मग घरातल्या आजारी माणसाची चौकशी करावी तसं हळूच विचारायचे, "ताई, काल बंद करताना कसं बंद केलं व्हतं?"

भारनियमनाचे दिवस होते ते. पंचवटीत पहिल्या मजल्यावर मी रक्त तपासणीची छोटी लॅब थाटली होती. रोज दुपारी वीज जायची. फ्रिजमधले नमुने सांभाळायला माझ्याकडे होता एक जुना, दोरी ओढून सुरू करायचा जनरेटर. पेट्रोलवर सुरू व्हायचा, रॉकेलवर चालायचा आणि मनात नसेल तेव्हा हलायचा नाही. त्याच्यासाठी हे सटाण्याकडचे आबा यायचे. साठीचे, सडपातळ, बोलणं विहिरीतून आल्यासारखं खोल आणि सावकाश.

निम्मी दुरुस्ती त्यांच्या प्रश्नांतच असायची. बंद करण्याआधी पाच मिनिटं मशीन पेट्रोलवर आणायचं, नाहीतर कार्बोरेटरमध्ये रॉकेल उरतं आणि दुसऱ्या दिवशी दोरी ओढून खांदा दुखतो, हे त्यांनीच शिकवलं. प्लग काढून ते उजेडात धरायचे. काळा कोरडा दिसला की म्हणायचे, "याला हवा कमी पडती." मग एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात बाळाचं झबलं धुवावं तसा धुवायचे आणि तो सावलीत वाळेपर्यंत स्टुलावर बसून राहायचे. पंखा बंद, मशीन बंद, नदीकडून मधूनच येणारा घंटेचा आवाज आणि कडुलिंबाची गिरक्या घेत उतरणारी पानं. त्या तासाभरात मलाही कसली घाई उरायची नाही.

एका हिवाळ्यात दोन महिने वीज बरी होती. मग ती गेली, मी जनरेटर सुरू केला, तो छान धडधडायला लागला, पण दिवा काही लागेना. बोलावल्यावर आबा आले आणि हसले.

"लय दिवस पडून व्हतं ना. इसरलं ते."

"काय विसरलं?"

"आपन कोन हाय ते. याच्या पोटात जरासं चुंबक असतं. पडून पडून ते उतरतं. आठवन करून द्यावी लागती."

त्यांनी खालून कुणाच्या तरी स्कूटरची बॅटरी आणली, दोन वायरी क्षणभर टेकवल्या आणि पुन्हा दोरी ओढली. दिवा आधी तांबूस झाला, मग पिवळा, मग लख्ख. आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. भर दुपारी लागलेला दिवा इतका सुंदर दिसतो, हे मला माहीत नव्हतं.

आबांचा चढा आवाज मी एकदाच ऐकला. श्रावणात पाऊस गॅलरीत आडवा यायला लागला, म्हणून मी जनरेटर आतल्या बोळात ओढला आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने मशीन गचके खाऊ लागलं. मी आबांना फोन केला. ते जवळच कुठेतरी होते. माझं डोकं जड झालं होतं. बाकावर रिपोर्टसाठी थांबलेली एक गरोदर बाई भिंतीला टेकून पेंगत होती. मला वाटलं, दमली असेल.

आबा आले ते धावतच. त्यांनी मशीन बंद केलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या आणि त्या बाईला धरून जिन्यात मोकळ्या हवेत नेऊन बसवलं. "झोपू नको, माय! डोळे उघड!" तिला उलटी झाली, मग ती रडायला लागली. मग ते माझ्याकडे वळले. "पावसानं मशीन भिजलं आसतं, दुसरं काय झालं आसतं? धुरातल्या विषाला वास नसतो ताई, ते सांगून येत नाय!" रिक्षा करून आम्ही तिला दवाखान्यात नेलं. आई आणि पोटातलं बाळ दोन्ही ठीक आहेत, असं डॉक्टरांनी सांगेपर्यंत आबा दाराशी उभे होते. एवढ्या भल्या माणसाला इतका राग कुठून आला, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

पुढे मी इन्व्हर्टर घेतला. आबांना कसं सांगावं, या संकोचात बरेच दिवस गेले. शेवटी बोलावलं, तर त्यांनी इन्व्हर्टरवर हात ठेवला आणि म्हणाले, "बरं झालं. याला धूर नाय." मग आता जनरेटर नुसता पडून राहणार म्हणून त्याची टाकी रिकामी केली, प्लगच्या भोकातून तेलाचे चार थेंब सोडले आणि दोरी अगदी सावकाश ओढली. ते करता करताच बोलू लागले.

"माझा धाकटा भाऊ मंडपवाल्याकडं व्हता. एका लग्नात पाऊस आला म्हनून त्यानं मशीन खोलीत घेतलं आन तिथंच जरा आडवा झाला. जेवनावळी उरकेस्तोवर कुनाला कळलंच नाय."

मी त्यांच्यासाठी आणलेला चहाचा कप स्टुलावर ठेवला.

"लोक म्हनले, मशीनच वाईट. मी तवा शिंपीकाम करायचो. मंडपवाला ते भंगारात द्यायला निघाला, मी घरी आनलं. ज्यानं माझ्या भावाला खाल्लं त्याच्या पोटात हाय तरी काय, बघायचं व्हतं. महिनाभर खोलून बसलो. एकेक नट काढला." मग नकळत त्यांच्या तोंडी गावाकडची, बागलाणची बोली आली. "काहीच बिघाड नव्हता, ताई. सगळं बराबर व्हतं. नुसतं दार लावेल व्हतं."

चहा गार झाला होता. दुसरा ठेवते म्हटलं, तर मान हलवून त्यांनी तोच घेतला. तीनच्या सटाणा गाडीने ते गेले. पुन्हा भेट झाली नाही.