धुनेला शेवट हवाच होता

शकील गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून शिवीच निघाली. फोनवर त्याची मुलगी नाझिया होती. तिने वाईट वाटून घेतलं नाही. बापाला ओळखून होती. "काका, चहाला हाक मारली, उठलेच न्हाईत अब्बा..." एवढंच बोलली. तेव्हापासून जो भेटतो तो मला सांगतो, शकील म्हणजे देवमाणूस. साफ खोटं. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मी उभी हयात त्याच्या मेंडोलिनला गिटारची साथ केली. हेकट, तुसडा, उर्मट माणूस होता तो, आणि आमचं भांडण अर्धवट टाकून जाण्याचा त्याला काही एक अधिकार नव्हता.

शिलाई मशीन दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, मेंडोलिन हा नाद. गेल्या वर्षी नाझियाच्या मोबाइलवरच्या गेममधली एक धून त्याच्या डोक्यात बसली. लढून दमलेला खेळाडू गावात परतला की वाजणारी... पाठीवरून कुणी हात फिरवावा तशी. "दिन्या, ही आपण वाजवायची. नुसती मेंडोलिन आन गिटार. वायर न्हाय, कीबोर्ड न्हाय." वाजवली. सुरेख व्हायची, ते मी नाकारत नाही. पण तिला शेवटच नव्हता. फिरून फिरून ती पहिल्या सुरावर यायची, आणि हा बाबा पुन्हा सुरू!

पन्हाळ्याच्या एका हॉटेलात त्याने ती इतकी फिरवली, की टाळ्या कुठे वाजवायच्या ते लोकांना कळेना. बिचारे आपापल्या ताटांकडे वळले. एक टाळी नाही. बाहेर पडता पडता मी भडकलो.

"शेवटाला सरळ सा वर ये की! मी खणखणीत कॉर्ड मारतो, लोक उभं राहत्यात बघ."

"गावातनं कवा निघायचं ते खेळणारा ठरवतोय. तू कोण त्याला हाकलणार?"

"मग ऐकणाऱ्यांनी काय मुक्काम करायचा?"

"करू देत की! टाळ्यांचा भिकारी हाईस तू."

पुढे त्याच्या दुकानावरच्या खोलीत रेकॉर्डिंगला बसलो. तो पहिल्या सुराकडे वळायला आणि मी माझी शेवटची कॉर्ड हाणायला एकच गाठ पडली. सगळा विचका झाला. त्याने मला हाकललं, मीही जिना दणादणा उतरलो, आणि त्यानंतर आम्ही बोललो नाही. मी चुकलो असं मला आजही वाटत नाही.

परवा नाझियाने त्याच खोलीत बोलावलं. तिला ते रेकॉर्डिंग लोकांना ऐकवायचंय, पण शेवटी नुसता गोंधळ. "तेवढा शेवट वाजवून द्या, काका. तुम्हाला पायजे तसा."

म्हणजे जिंकलो होतो मी. गिटार लावली. समोर खिळ्याला त्याची मेंडोलिन टांगलेली, पट्टा मशीनच्या तेलाने काळा पडलेला. तिच्याकडे पाठ करून बसलो. कुठे थांबायचं ते नक्की करायला म्हणून मूळ धून लाव म्हटलं. नाझियाने मोबाइल टेबलावर ठेवला. तिचा खेळाडू गावात उभा होता, धून सुरू झाली. फिरून आली. पुन्हा फिरून आली. थांबायची जागा मला पहिल्याच फेरीत सापडली होती. चहावर साय धरली...

"काका, करू बंद?" नाझियाने हात पुढे केला.

"हात लावशील तर बघ," मी ओरडलो.