चेंबरमधली लाल पेस्ट

इंजिनाच्या बुडाचं तेलाचं चेंबर खाली उतरवलं आन् ओकारीच आली. तेल म्हणावं असं त्यात काही उरलंच नव्हतं, नुसता जळका काळा चिखल. बोट घालून चोळलं तर चांदीसारखी चमचम. ती चमचम म्हंजी बेअरिंगांचा भुगा. झाकण काढलेल्या शेणखड्ड्यालाही एवढा घाण वास येत नसंल.

गाडी जुनी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली. बायकोला तिच्यात बसून दौंडला माहेरी जायची भारी हौस. दौंडला तिच्या धाकट्या भावाचं गॅरेज हाय. त्यानंच इंजिन उतरवून क्रँकचा दांडा घासून आणला, नवी बेअरिंगं घातली. चार महिन्यांत दौंडच्या वाटेवर न्हावऱ्याच्या अलीकडं इंजिन खडखडलं आन् जाम झालं. मी तसाच दौंडला गेलो. गिऱ्हाइकं उभी असताना त्याला म्हणालो, "जुनीच बेअरिंगं घातलीस. चोर हायस तू." त्या दिवसापासून त्याला माझं घर बंद. बायकोच्या दोन भाऊबिजा सुक्या गेल्या.

ती म्हणायची, "त्यानं तसं केलं नसंल. एकदा उघडून तर बघा."

"तुला इंजिनातलं काय कळतं? गप बस."

ती गप बसायची. चार दिवसांनी परत तेच म्हणायची.

या थंडीत ती गेली. तेरावा झाला आन् मी पाने-पकड घेऊन पत्र्याच्या शेडात बसलो. ट्रक चालवण्यात जन्म गेला, इंजिन खोलायला मला कुणी लागत न्हाई. मनात एकच, चोरी हातात धरायची. ती खरी निघाली तर मी बहीण-भावाला तोडलं ते बरोबर ठरणार होतं.

बेअरिंगांवरची एकेक कॅप काढली. बेअरिंगांचं तोंड पार खरवडलेलं, क्रँकवर नख अडकंल एवढे चरे. पण पाठ पुसून बघितली तर कंपनीचा शिक्का लख्ख, माप घासलेल्या क्रँकला लागतं तेच. नवी होती. मग तेल का पोचलं न्हाई? तेलाच्या पंपाची जाळी काढली. ती मेलेल्या गोचिडांसारख्या लाल रबराच्या गोळ्यांनी गच्च भरलेली.

तो रबर म्हंजी चेंबरच्या सांध्याला लावायची लाल पेस्ट, आन् ती माझीच. काम झाल्यावर चेंबर ठिबकायला लागलं तवा मेव्हणा फोनवर म्हणाला होता, "दाजी, पेस्ट पातळ लावा, आत लोंबली तर तुटून जाळीत अडकंल." कालचं पोरगं मला शिकवतंय, म्हणून मी सगळी ट्यूब पिळली. ठिबकायचं थांबलं तवा गावभर सांगत फिरलो. असल्या माणसाची शिसारी येती, आन् तो माणूस मीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी पिशवीत घालून एसटी धरली. मेव्हणा टेबलाशी कानस चालवत होता. जाळी त्याच्यासमोर ठेवली. त्यानं अंगठ्यानं एक लाल तुकडा सोलला.

"किती लावली व्हती?"

"सगळी ट्यूब."

"सगळी? दाजी, भिताड लिंपायला निघाला व्हता का?" हसू ओठावर आलं तसंच विझलं. "आक्काला माहेरची साडी घेऊन आलो व्हतो मी. तिरडीपाशी. अंगावर घालू दिली न्हाई तुम्ही. साऱ्या भावकीसमोर 'माघारी ने' म्हणालात."

म्हणालो होतो. मला त्याची माफी मागायची होती, आन् तोंडातून निघालं काय तर, "क्रँक परत घासून मिळंल का?"

"मिळंल. दुसरीकडं बघा."

कानस परत सुरू झाली. मग म्हणालो, "ती म्हणायची, तुझी चूक नसंल. उघडून बघा म्हणायची. मीच उघडलं न्हाई."

कानस थांबली.

"कवापासून म्हणायची?"

"गाडी बंद पडली त्या दिवसापासून."

"आन् शेवटी?"

"दवाखान्यात पण."

त्यानं माझ्याकडं पाठ केली आन् भिंतीवरचे पाने एकेक काढून पुसायला लागला. ते आधीच पुसलेले होते. त्यानं मला जा म्हटलं न्हाई, बसा पण म्हटलं न्हाई.