रोहितांच्या तळ्याला पाणी

तळ्याकाठच्या बाभळींना चुना-गेरू मारायचं काम चालू होतं. तेवढ्यात आमचे रेंजर साहेब म्हणाले, "आणि हे तळं जरा भरून घ्या. कमिटी येणार, नुसता चिखल दिसतोय."

मी तेव्हा दौंड तालुक्यात फॉरेस्टर होतो, म्हणजे वनपाल. मूळचा शिरूरकडचा, निमोण्याचा. माझ्या राउंडमध्ये, म्हणजे हद्दीत, हे खारं तळं. पाणी असं, की जनावरंही तोंड लावत नसत. पण त्या उथळ, खारट पाण्यात शेवाळ आणि बारीक किडे माजायचे. ते खायला रोहित यायचे, इंग्रजीत फ्लेमिंगो. तळं रिझर्व्ह करायचं प्रपोजल मी साहेबांमागून साहेब बदलले तरी रेटत ठेवलं होतं. त्यासाठीच येणाऱ्या कमिटीनं पक्षी डोळ्यांनी बघितले की शिफारस होणार होती. नाहीतर तळं मासेमारीच्या ठेक्याला जाणार होतं.

"साहेब, रोहित चिखल गाळूनच खातो. गोडं पाणी भरणं म्हणजे त्याच्या पुढ्यातलं ताट उचलणं."

"अहो, व्हिजिट आहे. व्हिजिटला सगळं आवरलेलं लागतं. तुम्ही पक्ष्यांचे वकील आहात का?"

मला वाटलं, बोलू देत. ऐन उन्हाळ्यात पाणी देणार कोण? कॅनॉलच्या पाण्याची पाळी असते, आणि पाळी चुकली की पीक गेलं. पण साहेब सरपंचांकडे गेले. सरपंच म्हणजे आप्पा. त्यांचा ह्या पक्ष्यांवर भारी जीव. तळ्यावर कुणी गलोल घेऊन दिसला की त्याच्या सात पिढ्या उद्धरायचे. त्यांनी स्वतःची पाळी तळ्याला देऊन टाकली.

मी गाडीला किक मारून त्यांच्या वस्तीवर गेलो. "आप्पा, नका सोडू पाणी. पक्षी जातील."

"खुळं का काय तुम्ही? पान्यातलं पाखरू पान्याला भितंय व्हय?"

"ह्यांना खारंच लागतं, आप्पा. आणि उथळ."

"आन् पाव्हण्यांना कोरडं तळं दावायचं? गावाची लाज हाय. माझी मका वाळली तर वाळू द्या."

मी गाडी वळवली. हेतू वाईट असता तर भांडलो तरी असतो.

पाणी सुटलं. तळं तुडुंब भरलं, दिसायला झकास. रोहित काठाकाठानं फिरायचे, चोच बुडवायचे, मान वर काढायचे. मग एकेक थवा उठायला लागला. मी काठावर बसून बघत होतो.

कमिटी आली त्या सकाळी तळ्यावर एक पक्षी नव्हता. साहेबांनी नवीकोरी दुर्बीण अध्यक्षांच्या हातात दिली. त्यांनी ती इकडून तिकडं फिरवली. आप्पा शाल-नारळ घेऊन उभे होते.

"सायेब, परवापत्तुर हुते. आईशप्पत हुते."

अध्यक्ष माणूस भला. म्हणाले, "असू दे हो. पाणी मात्र छान आहे. मासे चांगले होतील."

तळं ठेक्याला गेलं. ठेकेदारानं ते उकरून खोल केलं. पुढच्या हिवाळ्यात रोहित आले, वरूनच एक घिरटी घातली आणि निघून गेले. आप्पा माझ्याशेजारी उभे होते. मका गेल्याचं त्यांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाले, "फॉरेस्टर, ही पाखरं माझ्या पान्यानं गेली ना?"

मी म्हणालो, "नाही हो आप्पा." दुसरं काय म्हणणार होतो?

नंतर ज्युनियर पोरांना मी एवढंच सांगायचो. साहेब येणार असले की ऑफिस झाडा, झाडांना गेरू मारा, पण तळं आहे तसं राहू द्या. त्या बाभळींचा गेरू मात्र पुढं बरीच वर्षं टिकला.