मोठी कसं वाचते

गल्लीत तिला सगळे चष्मेवाली म्हणत. तिला स्वतःला चष्मा नव्हता. एका चष्म्याच्या दुकानात ती लोकांचे डोळे तपासायची, म्हणून ते नाव पडलं. चौथं मूल झाल्यावर तिनं काम सोडलं, आणि वर्षभरात असं काही ठरवलं की सगळं घर बुचकळ्यात पडलं. मुलांना शाळेतून काढून ती घरीच शिकवणार होती.

त्याला कारण झाला दोन नंबरचा. सहा वर्षांचा हा मुलगा घरात प्रश्नोबा म्हणूनच ओळखला जायचा. वर्ग मुलांनी खच्चून भरलेला, त्यामुळे बाईंनी त्याला रोज तीनच प्रश्न विचारायची मुभा दिली होती. बाईंचंही काही चुकत नव्हतं. पण हा पठ्ठ्या ते तीन प्रश्न हजेरी होईतो उडवून टाकायचा आणि उरलेला दिवस मूग गिळून बसायचा. पुढे पुढे तो घरीही काही विचारेनासा झाला. ते मात्र तिच्या जिवाला लागलं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. हाताचं ग्रीस पुसत त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, करून बघ, नाही जमलं तर शाळा काही पळून जात नाही. सासूबाईंचं तसं नव्हतं. त्यांनी उभा जन्म पहिलीचा वर्ग शिकवला होता. "मग मी इतकी वर्षं काय केलं?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि त्यानंतर त्या फक्त रविवारी चर्चमधल्या मिस्सेला भेटू लागल्या, तेही जेवढ्यास तेवढं बोलून.

पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती वर्ग भरला. आठ वर्षांची मोठी वेण्या घालून ताठ बसली, चार वर्षांची धाकटी पायानं टेबल हलवत राहिली, आणि शेंडेफळ टेबलाखाली रांगत खडू खाऊ लागलं. सगळ्यांनी क्रुसाची खूण केली, प्रार्थना झाली, आणि तिनं बायबलमधली सृष्टीच्या निर्मितीची गोष्ट काढली. देवानं पहिल्या दिवशी प्रकाश केला, चौथ्या दिवशी सूर्य केला. प्रश्नोबानं कितीतरी दिवसांनी हात वर केला. सूर्य चौथ्या दिवशी आला, तर आधीचे तीन दिवस उजेड कुठून येत होता?

लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिनं सरळ सांगितलं, "मला नाही माहीत. पण आता मलाही ते कळायला हवंय."

रविवारी तिनं त्याला फादरांपुढे उभं केलं. फादरांनी दाढी खाजवली. मोठमोठ्या संतांनी या प्रश्नावर डोकं फोडून घेतलंय, मलाही तो पुरता सुटलेला नाही, तुला काही सापडलं तर मला येऊन सांग, असं ते म्हणाले. प्रश्नोबा घरी परतला तो नोकरी लागल्यासारखा. त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येक मेणबत्तीची, आरशाची आणि टॉर्चची रवानगी पलंगाखालच्या अंधारात झाली. भिंतीवर डकवलेल्या वेळापत्रकाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मोठीची तिला काळजीच नव्हती. पाठांतराची बक्षिसं कपाटात मावत नव्हती. रोज दुपारी ती भावंडांना संतांच्या गोष्टींचं पुस्तक वाचून दाखवायची. एके दिवशी धाकटीनं त्या पुस्तकावर जॅम सांडला आणि दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटली. मोठीनं ती एकदमच उलटली, आणि वाचत राहिली. चष्मेवाली शेजारी भाजी चिरत होती. तिनं सहज मान वळवली. समोरच्या चित्रात संत आजाऱ्याला पाणी पाजत होते, आणि मोठी वाचत होती ते समुद्रातलं वादळ; चिकटलेल्या पानाच्या आतलं, शब्दन् शब्द बरोबर.

तिनं सुरी खाली ठेवली. तिला रागापेक्षा नवलच जास्त वाटलं. वाचता येत नसताना इतकी वर्षं हिनं हे निभावलं कसं? आधी तिनं आपलं हातखंडा काम केलं, डोळे तपासले. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दुकानात एक तक्ता असतो; त्यावरच्या तीन दांड्यांच्या खुणेचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते बोटानं दाखवायचं. तसा तक्ता तिनं मागून आणला आणि व्हरांड्याच्या टोकाला लावला. मोठीनं शेवटची बारीक ओळसुद्धा झटकन दाखवली. डोळे लख्ख होते.

संध्याकाळी दोघी कपड्यांच्या घड्या घालत असताना तिनं विचारलं, "तू कसं वाचतेस गं?"

"बाई किंवा तू एकदा वाचून दाखवता ना, तेव्हा नीट ऐकायचं," मोठी म्हणाली. "मग पहिलं चित्र बघितलं की पुढचं सगळं आठवतं." थोडं थांबून तिनं विचारलं, "सगळे असंच वाचतात ना?"

दुसऱ्या दिवशी चष्मेवाली सासूबाईंच्या दारात उभी राहिली. शेंडेफळ कडेवर होतं. झालं ते तिनं जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाली, "आई, हे मला एकटीला जमायचं नाही."

सासूबाईंनी एका शब्दानंही टोचलं नाही. त्यांचे प्रश्नच सुरू झाले. कुठल्या अक्षरांपाशी अडखळते? सुटं अक्षर ओळखते का? अंदाज करताना वर बघते की चित्राकडे? नातवाला प्रश्नांचं वेड कुणाकडून आलं, ते सुनेला त्या दिवशी कळलं. शेवटी त्या म्हणाल्या, "उद्या किती वाजता भरते तुझी शाळा?"

त्यांनी मुलाकडून खरखरीत पॉलिशपेपर मागवला आणि त्यातून मोठाली अक्षरं कापली. घ आणि ध, भ आणि म. जी जोडी मोठीला फसवायची, ती आधी. डोळे मिटून त्यांवरून बोट फिरवायचं आणि अक्षर मोठ्यानं म्हणायचं. पण शब्द आला की पोरगी पुन्हा अंदाजावर जायची. ओळखीचं वाक्य असलं की अर्ध्यातूनच पुढचं घडाघडा. तेव्हा आजीनं वेगळाच डाव टाकला: कुणी कधी ऐकलंच नसेल असं काहीतरी लिहायचं. आता पाठांतर कामाला येईना. मोठी कितीदा रडली, एकदा पाटीही आपटली. आजी पाटी उचलून पुन्हा पुढे ठेवायची आणि स्वतः विणायला घ्यायची, जणू घाई कुणालाच नाही.

असे दोनेक महिने गेले. एका सकाळी पाटीवर लिहिलेलं होतं: घुबडानं म्हशीची भांडी धुतली. मोठी बोटानं सरकत गेली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. घुबडापाशी थांबली, मागे आली, पुन्हा निघाली. चष्मेवालीनं हातातला चमचा तसाच धरून ठेवला. बोट शेवटच्या शब्दावर पोचलं आणि मोठी फिस्सकन हसली.

कुणीच तिला ते वाचून दाखवलं नव्हतं. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. सून रडत होती आणि हसतही होती.

"पण म्हशीनं भांडी घेतलीच कशाला?" प्रश्नोबानं विचारलं.

"ते नाही लिहिलंय," मोठी म्हणाली. तिनं पाटी पुन्हा नीट पाहिली. "खरंच नाही लिहिलंय."

शाळा घरातच राहिली, आणि सासूबाई रोज येऊ लागल्या. मोठीला मात्र नवाच नाद लागला. रस्त्यानं जाताना ती प्रत्येक पाटीपाशी थांबायची: न्हाव्याची, औषधांची, 'येथे गाड्या लावू नयेत'ची. रविवारी सगळं कुटुंब वेळेवर निघालं, तरी चर्चमध्ये पोचेपर्यंत फादरांचं प्रवचन निम्मं झालं होतं. बाकावर सरकायला जागा करून देत सासूबाईंनी हळूच विचारलं, एवढा उशीर का? चष्मेवालीनं नुसतं मोठीकडे बोट दाखवलं. ती खांबावरची संगमरवरी पाटी वाचत उभी होती.