अडुसष्टावर थांबायचं

केसरीनाथला आरशाची भीती वाटायला लागली ती तो जाडा होता तेव्हा नव्हे, बारीक झाल्यावर. जाडा होता तेव्हा आरशासमोर उभं राहून तो मिशी कातरायचा, भांग पाडायचा आणि डुलत डुलत ड्युटीला जायचा. आता दाढी करतानासुद्धा तो फक्त ब्लेड फिरतं तेवढीच जागा बघायचा. गालाखाली खड्डा पडला होता. त्या खड्ड्यात त्याला त्याचा थोरला भाऊ विठू दिसायचा.

विठूला साखरेचा आजार होता, आणि पुढं पोटात गाठ निघाली. ती निघायच्या आधी सहा-आठ महिने तो नुसता उतरत गेला. सारखा म्हणायचा, "भूक लागली गो, काहीतरी दे." बायको द्यायची. तो खायचा आणि तरी वाळायचा. दोन वर्षं झाली त्याला जाऊन. त्यानंतर केसरीनाथच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली : आपल्या घरात माणूस बारीक व्हायला लागला की तो जातो.

केसरीनाथ कशेळीजवळच्या एका गावचा. लहानपणी खाडीकडच्या शेतात बापाबरोबर भात लावायचा, तरुणपणी गावच्या संघातून कबड्डी खेळायचा. शेताच्या जागी गोडाऊनं उभी राहिली तेव्हा त्यातल्याच एकात त्याला गेटवर नोकरी लागली. आत येणाऱ्या गाडीचा नंबर बघायचा, शटरची कुलपं उघडायची, संध्याकाळी लावायची, एवढंच काम. बाकी वेळ खुर्ची. खुर्चीवर बसून आणि वडापाव खाऊन तो ब्याण्णव किलोपर्यंत गेला. घरी तर तळलेली मासळी रोजचीच. मग गुडघे बोलायला लागले आणि साखर निघाली.

धामणकर नाक्याजवळ मेघाली मॅडमचा दवाखाना होता. मॅडम बोलायला शांत, पण ऐकून घेणाऱ्या नव्हत्या. त्यांनी तेल, मासळी, मटण, दूध सगळं बंद केलं. केसरीनाथला वाटलं आता भातही जाणार. कारण याआधी ज्या ज्या डॉक्टरकडे तो गेला होता त्यांनी पहिला हात भातालाच घातला होता.

मॅडम म्हणाल्या, "भात खायचा. हातसडीचा खा. नाचणीची भाकरी, रताळी, सुरण, करांदे, वाल, भाज्या, सगळं खायचं, पोट भरेपर्यंत. फक्त तेल नको. आणि बी-ट्वेल्व्हची गोळी चुकवायची नाही. साखर मात्र वरचेवर तपासू."

"पोट भरेपर्यंत?" त्याची बायको काशी बाजूलाच बसली होती, तिनं दोनदा विचारून घेतलं.

काशीनं ते मनावर घेतलं. नाचणी गावातच मिळायची. करांदे आणि सुरण अंबाडी गावच्या बाजारातून यायचे. ती वालाचं बिरडं बिनफोडणीचं करायला शिकली. पहिले काही दिवस तिचं तिलाच खाववेना, तरी शिकली. सव्वा वर्षात केसरीनाथ अडुसष्टावर आला. गुडघे गप्प झाले, साखरेच्या गोळ्या निम्म्या झाल्या.

"आता बास," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या उंचीला हे वजन बरोबर आहे. अडुसष्टावर थांबायचं. असंच जेवत राहिलात तर ते आपोआप थांबेल. नाही थांबलं तर मात्र आत काय आहे ते बघावं लागेल."

शेवटचं वाक्य त्यांनी सहज म्हटलं असेल. केसरीनाथला मात्र त्या दिवसापासून तेवढंच ऐकू येत राहिलं.

आणि वजन थांबलं नाही. पुढच्या महिन्यात सहासष्ट भरलं. मॅडमनी नुसतं "हं" केलं आणि पुढच्या महिन्यात या म्हणाल्या. केसरीनाथ गोडाऊनमधल्या मालाच्या काट्यावर, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, रोज चढायला लागला. काटा दर आठवड्याला थोडा खाली यायचा.

काशीला वाटत होतं की तो भरपूर जेवतो. तीच तर डबा भरायची. तीन पुड्यांचा मोठा स्टीलचा डबा, एका पुड्यात भात, दुसऱ्यात भाकऱ्या नि बिरडं, तिसऱ्यात उकडलेली रताळी. तेलाशिवायचं जेवण पोटात लवकर जिरतं म्हणून तेवढं लागायचंच. पण या डब्याच्या पहिल्याच आठवड्यात गोडाऊनचा सुपरवायझर विशाल, पंचविशीतला पोरगा, डब्याकडे बघून ओरडला होता, "नाना, हा डबा हाय का कंटेनर? खाली करायला हमाल लावू का?"

हमाल हसले. त्यातला एक म्हणाला, "चाचा डाइटिंग पे हैं, भाई. चार आदमी का डाइटिंग."

केसरीनाथही हसला. आयुष्यभर जाड्या माणसानं हसायचं तसं. पण त्या दिवसापासून तो भाताचा पुडा उघडायचा, तेवढाच पटकन संपवायचा आणि बाकीचे दोन गोडाऊनच्या मागं भिंतीपलीकडच्या कुत्र्यांना घालायचा. मग डबा नळावर स्वच्छ धुऊन घरी न्यायचा. रिकामा डबा बघून काशीला बरं वाटायचं. रात्री तो दोन घास कमीच खायचा, "दुपारी फार झालं" म्हणून.

भूक लागायची, पण तो बोलायचा नाही. पोटात खड्डा पडला की त्याला विठूचा आवाज आठवायचा, आणि वाटायचं, झालं, हेच ते. भूक हाच आजार आहे असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. म्हणून तो पाणी प्यायचा आणि तंबाखूची चिमूट धरायचा. कुत्र्यांच्या पोटात गेलेली भाकरी आणि काट्यावरून गेलेला किलो, यांचा मेळ त्यानं कधी घातलाच नाही. रताळ्यानं का माणसाचं वजन टिकतं? वजन टिकतं ते मटणानं, असं त्याला आतून वाटायचं, आणि मटण खाल्लं तर साखर वर जाणार. दोन्हीकडून दार बंद.

पुढच्या तपासणीच्या दिवशी त्यानं पँटच्या दोन्ही खिशांत गोडाऊनच्या शटरची दोन जाड कुलपं रुमालात गुंडाळून घातली. वर चाव्यांचा जुडगा. पायात लोखंडी टोकाचे सेफ्टी बूट. काट्यावर चढला तेव्हा श्वास धरून उभा राहिला, कारण जरा हलला असता तरी चाव्या वाजल्या असत्या.

"सहासष्ट आणि थोडं वर," मॅडम म्हणाल्या. "थांबलं बघा. छान."

दवाखान्याच्या पायरीवर काशीनं हात जोडले. शेअर रिक्षात बसल्यावर तिनं पोरीला फोन लावला, नणंदेला लावला. "थांबला गो. मॅडम बोलल्या छान हाय." केसरीनाथ बाहेर बघत होता. दोन्ही मांड्यांवर कुलपं रुतत होती. आता खरं काय ते फक्त त्यालाच माहीत होतं, आणि आता त्याला विचारणारंही कुणी उरलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी त्याच्या बहिणीच्या, गुणाबाईच्या पोराची हळद होती. आपल्याकडे हळदीला मामा जेवला नाही तर मांडव सुना. केसरीनाथनं सदऱ्याखाली दोन बनियन घातले, गाल भरून दिसावेत म्हणून दाढी वाढवली आणि गेला. दुपारची पंगत बसली. तांदळाच्या भाकऱ्या, मटण, भात. त्याच्या पानात काशीनं घरून आणलेलं बिरडं वाढलं. भाताची परात आली तेव्हा त्यानं हात आडवा केला.

"मामा, ऊठ-बस करायला तरी खा," नवरामुलगा दीपेश म्हणाला. अंगाला हळद, डोक्याला मुंडावळ्या. "उद्या वरातीत उचलायला लागंल तुला."

लोक हसले. गुणाबाई हसली नाही. ती वाढण्याचं भांडं तिथंच ठेवून त्याच्यासमोर बसली आणि सगळ्यांदेखत तिनं त्याचं मनगट धरलं. तिची बोटं मनगटाभोवती पुरी फिरली.

"केसरी," ती हळू म्हणाली, "आपला विठू असाच झाला होता."

केसरीनाथच्या पानातलं बिरडं तसंच राहिलं. तो उठून मांडवाच्या मागं गेला. तिथं चुलीवर पाण्याचा हंडा उकळत होता आणि बाजूला भांडी घासायला काढली होती. काशी त्याच्या मागोमाग आली.

"ताईंचं काय मनावर घेताव? मॅडम बोलल्या ना थांबलं म्हणून."

"न्हाय थांबलं."

"म्हंजे?"

"खिशात कुलपं होती."

काशीला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती मोठ्यानं ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ती ओरडली नाही. हातातली परात तिनं जमिनीवर ठेवली, जरा जोरातच.

"किती हाय मग?"

"गोडाऊनच्या काट्यावर साडेत्रेसष्ट."

"आणि मना नुसतं हसून दाखवताव." तिचे डोळे भरले. "विठूभावजी गेले तेव्हा जावेला कुणी काय सांगितलं नव्हतं. मना पण तसंच ठेवणार व्हतात?"

आत बँजो सुरू झाला होता.

सोमवारी सकाळी ती त्याला उपाशीपोटी मेघाली मॅडमकडे घेऊन गेली. स्वतःच आधी आत शिरली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मॅडमनी केसरीनाथला बूट काढायला लावले, खिसे उलटे करायला लावले. काट्यावर त्रेसष्ट.

"मला फसवून तुम्हाला काय मिळालं?" त्या चिडल्या होत्या.

"तुम्ही आत बघणार बोलला होता," केसरीनाथ म्हणाला. "विठूच्या आत बघितलं आणि मग तो जगला न्हाय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "भूक लागते?"

तो सदऱ्याचं बटण चाचपत राहिला.

"केसरीनाथ, साधं विचारतेय. लागते की मेली आहे?"

"लागते. फार लागते. दुपारी दोनपासून लागते. विठूलाही अशीच लागायची, मॅडम. तो खायचा आणि वाळायचा."

"तो खायचा. तुम्ही खाता का?"

"तीन पुडे भरून देते मी," काशी मध्येच म्हणाली. "डबा लखलखीत रिकामा येतो."

केसरीनाथनं तोंड फिरवलं. भिंतीवर लहान मुलांच्या लशींचं चित्र होतं, त्याकडे बघतच त्यानं कुत्र्यांचं सांगितलं. विशालचं सांगितलं, हमालांचं सांगितलं. सांगताना ते इतकं पोरकट वाटत होतं की मध्येच त्याला थांबावंसं वाटलं.

"एक पुडा," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही तिसऱ्या हिश्श्यावर जगताय. तेल नाही, मटण नाही आणि वर भाकरी कुत्र्यांना. वजन टिकणार कशावर? पण मी तेवढ्यावर सोडणार नाही. साखर, रक्त आणि पोटाची सोनोग्राफी आजच. घाबरलात तरी करायचीच."

सोनोग्राफीच्या खोलीत गार जेल पोटावर लागलं तेव्हा त्यानं डोळे मिटले. यंत्र धरलेला माणूस काही बोलत नव्हता. पोटाच्या डाव्या बाजूला तो बराच वेळ थांबला. केसरीनाथला वाटलं, सापडलं. त्यानं मनातल्या मनात कुणाकुणाला काय सांगायचं ते ठरवूनही टाकलं.

"कूस बदला," तो माणूस म्हणाला. मग, "उठा."

कागद घेऊन ते परत मॅडमकडे आले. मॅडमनी तो दोनदा वाचला. त्या वाचेपर्यंत काशीनं त्याच्या सदऱ्याची बाही धरून ठेवली होती.

"गाठ नाही. काही वेडंवाकडं दिसत नाही. साखरही ठीक आहे," त्या म्हणाल्या. "रक्ताचे बाकीचे रिपोर्ट परवा येतील. एक महिना तिन्ही पुडे खा. तरी वजन उतरलं तर पुढचं बघू. पण मला नाही वाटत उतरेल."

'नाही वाटत' म्हणजे काय, हे विचारायचं त्याच्या तोंडावर आलं होतं. काशीनं त्याला बाहेर ओढलं.

नाक्यावर ऊन तापलं होतं. गल्लीतून पॉवरलूमचा खडखडाट येत होता, रिक्षावाले "एक सीट, एक सीट" ओरडत होते. काशीनं त्याला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं आणि पिशवीतून डबा काढला. तपासणीला उपाशी जायचं म्हणून सकाळीच करून आणला होता. भात, दोन भाकऱ्या, चटणी, करांदे.

"इथं?" त्यानं आजूबाजूला बघितलं. "लोक बघतायत गो."

"बघू दे."

त्यानं पाठ रस्त्याकडे केली. काशीनं त्याचे खांदे धरून त्याला परत वळवलं. पहिला घास त्यानं मान खाली घालून घेतला. दुसरा घेताना समोरच्या रिक्षातला पोरगा खरंच बघत होता, पण त्याचं लक्ष डब्यावर नव्हतं, मोबाइलवर होतं. तिसऱ्या-चौथ्या घासानंतर केसरीनाथ कुणाकडे बघेनासा झाला. करांदा त्यानं मिठाला टेकवून खाल्ला, भाकरी चटणीला पुसून संपवली. पोटात जात होतं तसतसं पोट काय सांगतंय ते तो ऐकत होता. दुखतंय का, कुठं अडतंय का. काही अडत नव्हतं. तरी तो ऐकतच होता.

तळाचा भात बोटांनी गोळा करून त्यानं तोंडात टाकला आणि काशीकडे बघितलं.

"अजून हाय?"

तिनं पिशवीत हात घालून चाचपलं. "इथं न्हाय. घरी हाय."

केसरीनाथ उठला आणि पहिल्याच रिक्षाकडे निघाला.